‘चक्कर’ म्हणजे नेमके काय? तोलाच्या इंद्रियाची पार्श्वभूमी

आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका तोल सांभाळायला मदत करतात, हे आता शाळेतच शिकवले जाते. १८२० च्या दशकापर्यंत मात्र त्यांचा संबंध ऐकण्याशीच जोडला जाई. मग पॅरिसमधल्या एका शरीरशास्त्रज्ञाने कबुतरांच्या या नलिका एकेक करून कापून पाहिल्या. आडवी नलिका कापली की मान डावी-उजवीकडे हलत राही, उभी कापली की वर-खाली. ऐकू मात्र येतच राही. तरीही या नलिकांना तोलाचे इंद्रिय म्हणायला आणखी जवळपास पन्नास वर्षे लागली. मधल्या काळात, १८६१ मध्ये, पॅरिसच्याच एका डॉक्टरने दाखवून दिले की कान वाजणे, बहिरेपणा आणि गरगरणे एकत्र येते तेव्हा दोष मेंदूत नसून कानात असतो. तोवर अशा रुग्णाच्या डोक्यात रक्त साचले आहे असे समजून त्याचे रक्त काढत.

१८७३ ते १८७५ या काळात प्राग, व्हिएन्ना आणि एडिंबरा इथल्या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर काढले. डोके वळले की नलिका लगेच वळते, आतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि त्याच्या रेट्याने जेलीसारखा पडदा वाकतो. गोल फिरून अचानक थांबलो की पडदा उलट बाजूला वाकतो, म्हणून आपण उभे असतो आणि खोली फिरते. सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण टिपण्याचे काम नलिकांशेजारच्या दोन पिशव्या करतात. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे केसपेशींवर, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या संवेदी पेशींवर, भार टाकतात. कोळंबीसारखे जीव कात टाकल्यावर याच कामासाठी बाहेरची वाळू भरून घेतात. १८९३ च्या एका प्रयोगात त्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि वर लोहचुंबक धरला, तेव्हा ती उलटी झाली. तोलाच्या इंद्रियाचा इतका देखणा पुरावा दुसरा नसेल.

विसाव्या शतकात या ज्ञानातून रुग्णाची एक तपासणी तयार झाली. कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडायचे, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश खाली आणि सात अंश वर, आणि डोळ्यांचे झटके, म्हणजे निस्टॅग्मस, मोजायचे. ही पद्धत १९४२ पासून रूढ आहे.

खरा घोळ झाला तो शब्दांचा. भोवळ, घेरी, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी, झोक जाणे, डोके हलके होणे: मराठीत शब्द भरपूर आहेत, पण दवाखान्यात सगळ्यांचे ‘चक्कर’ होते, आणि बाहेर पडताना ‘व्हर्टिगो’. व्हर्टिगो, म्हणजे फिरल्यासारखे वाटणे, हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. १९७२ मध्ये एका शोधनिबंधाने चक्करीचे चार प्रकार ठरवले: फिरल्यासारखे वाटणे, शुद्ध हरपेल असे वाटणे, चालताना तोल जाणे आणि बाकीचे सगळे. पहिला प्रकार म्हणजे कान, दुसरा म्हणजे हृदय व रक्तदाब, अशी सोपी वाटणी झाली. पाठ करायला सोयीची, म्हणून ती पिढ्यान्पिढ्या शिकवली गेली.

ती पाया म्हणून कच्ची होती. २००७ मध्ये आपत्कालीन विभागातल्या रुग्णांना तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारला, तर जवळजवळ निम्म्यांनी वेगळा प्रकार सांगितला. कधी सुरू झाले, किती वेळ टिकते, कशाने उठते, याची उत्तरे मात्र बऱ्यापैकी टिकून होती. म्हणून ‘कसे वाटते?’ यापेक्षा ‘कूस बदलल्यावर येते का, आणि मिनिटाच्या आत थांबते का?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. चार प्रकारांची वाटणी अजून शिकवली जाते, हे चुकीचेच आहे. गरगरणे मेंदूच्या झटक्यातही (स्ट्रोक) असते. तासन्‌तास न थांबणाऱ्या चक्करीत मानेला छोटा झटका दिला आणि नजर समोरच्या बिंदूवर पक्की टिकली, तर ते चांगले लक्षण नव्हे. कानात दोष असता तर नजर घसरली असती, म्हणून उलट मेंदूची शंका वाढते. मात्र चक्कर चालू नसलेल्या माणसावर ही तपासणी केली तर ती फसवते, कारण निरोगी माणसाचीही नजर अशीच टिकते.

कूस बदलताना येणाऱ्या चक्करीचे कारण म्हणजे पिशवीतून सुटून बहुधा मागच्या नलिकेत शिरलेले खडे. ते बाहेर काढायची युक्ती १९८० च्या सुमारास मांडली गेली, पण तिची टर उडवली गेली आणि शोधनिबंध १९९२ मध्ये छापून आला. डोके दोष असलेल्या कानाकडे ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन आडवे करायचे, मान पलंगाच्या कडेखाली थोडी लोंबती ठेवायची. काही सेकंदांनी निस्टॅग्मस सुरू होतो. तो थांबेपर्यंत वाट पाहून डोके दुसऱ्या बाजूला ९० अंश वळवायचे, मग अंगासकट आणखी ९० अंश, म्हणजे नाक जमिनीकडे, आणि शेवटी हनुवटी खाली ठेवून उठवून बसवायचे. प्रत्येक टप्प्याला अर्धा ते एक मिनिट. फसते ते बहुतेक दोन कारणांनी: कान चुकतो, किंवा घाईने पुढचा टप्पा घेतला जातो आणि खडे वाटेतच राहतात. कधी ते आडव्या नलिकेत घसरतात. मग नुसती कूस बदलली तरी आडवा, जोरदार निस्टॅग्मस दिसतो आणि त्यासाठी वेगळी हालचाल करावी लागते.