काट्यावर अनंत: रेग्युलरायझेशन वेगळं, रिनॉर्मलायझेशन वेगळं

कापसाच्या दिवसांत जळगावहून चोपड्याकडे निघालं की जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग ठरलेली. काट्यावरचा पोरगा मान वर न करता विचारतो, "गाडी भरेल शे का खाली?" भरलेली असली तर पावतीवर एक आकडा पडतो. कापूस उतरवून गाडी परत काट्यावर आली की दुसरा. शेतकऱ्याला यातल्या कुठल्याच आकड्याशी देणंघेणं नसतं. त्याची नजर फरकावर, आणि त्यानंतर व्यापारी कटती किती धरतो त्यावर.

हा काटा मी गेली काही वर्षं एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर काढतो. त्याला निमित्त झालं एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं. शिरपूरची मुलगी, वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, लूपचं इंटिग्रल लॅम्डापाशी तोडलं. उत्तर अनंत येत होतं, ते आता येत नाही. म्हणजे रिनॉर्मलायझेशन झालंच की! मग पुस्तकात पुढची पंधरा पानं कशाची आहेत?"

प्रश्न चुकीचा होता, पण चूक फार जणांची आहे. क्वांटम क्षेत्रसिद्धांतातले रेग्युलरायझेशन आणि रिनॉर्मलायझेशन हे शब्द एका दमात उच्चारले जातात, आणि मराठी प्रतिशब्द तर गोंधळात भरच घालतात. नियमितीकरण म्हटलं की आमच्याकडे गुंठेवारीतला प्लॉट आठवतो. म्हणून इथे इंग्रजी नावंच देवनागरीत वापरतो.

आधी लूप. फाइनमनच्या आकृतीत, म्हणजे कणांच्या आंतरक्रियेच्या रेखाचित्रात, बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या कणांचा संवेग आपण ठरवलेला असतो. पण आकृतीत रेषेनं बंद वळसा घेतला की त्या वळशात फिरणारा संवेग कुणीच ठरवलेला नसतो. तो शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकतो, आणि क्वांटमचा नियम असा की सगळ्या शक्यतांची बेरीज करायची. बऱ्याच लूपमध्ये ही बेरीज संपतच नाही. काट्याचा पडदा नुसता लुकलुकतो, आकडा दाखवत नाही.

रेग्युलरायझेशन म्हणजे त्या काट्याला आकडा दाखवायला लावणं. बस, एवढंच. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे लॅम्डा या संवेगापाशी बेरीज थांबवणं, म्हणजे कटऑफ. १९४९ साली पाउली आणि व्हिलार्स यांनी दुसरी वाट काढली: एक खोटा, प्रचंड वस्तुमानाचा कण आणायचा आणि त्याचं योगदान उलट्या चिन्हानं मिळवायचं. १९७२ मध्ये 'ट होफ्ट आणि वेल्टमन यांनी, आणि त्याच सुमारास अर्जेंटिनातल्या बोलिनी व जांबियाजी यांनी, अवकाशकाळाची मितीच चारापेक्षा किंचित कमी धरून इंटिग्रल केलं. लॅटिसवर, म्हणजे अवकाशकाळाची चौकटींची जाळी करून, अंतराला खालून मर्यादा घालतात. हे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे काटे समजा. प्रत्येकावर दिसणारा आकडा वेगळा असतो, आणि त्या आकड्याला स्वतःचा म्हणून काही अर्थ नसतो.

रिनॉर्मलायझेशन म्हणजे पावतीचा हिशेब. समीकरणात आपण जे वस्तुमान, जो प्रभार लिहितो तो प्रयोगशाळेत मोजला जाणारा नव्हे. मोजला जातो तो लूपसकटचा. तर मग प्रयोगात मोजलेली मोजकी राशी घ्यायची, "ही एवढीच आहे" अशी अट घालायची, आणि बाकी सगळी उत्तरं तिच्या भाषेत लिहायची. कटऑफचा आकडा त्या अटीत विरघळून जातो. अट कुठे घालायची आणि कोणत्या मापावर, हे भौतिकशास्त्र ठरवतं. काटा कुठल्या कंपनीचा आहे ते नाही.

आता हे आण्विक द्रव्यावर करून दाखवतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी सुट्या दिसतात. आण्विक द्रव्य म्हणजे अणुकेंद्रकाच्या पोटातलं द्रव्य, पण काठ नसलेलं, सगळीकडे सारखं पसरलेलं. दर घन फर्मीत (फर्मी म्हणजे मीटरचा दहाचा उणे पंधरावा घात) सुमारे ०.१६ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, आणि बंधनऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे १६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; वस्तुमानही याच एककात मोजतो). १९७४ मध्ये वालेकांनी यासाठी एक मॉडेल मांडलं. न्यूक्लिऑन सिग्मा नावाच्या क्षेत्रामुळे एकमेकांकडे ओढले जातात आणि ओमेगामुळे ढकलले जातात. सिग्मा क्षेत्राचा एक परिणाम असा की द्रव्याच्या आत न्यूक्लिऑनचं वस्तुमान कमी भासतं. निर्वातात ९३९ एमईव्ही, आणि द्रव्यात, सरासरी क्षेत्राच्या साध्या गणितात, त्याच्या ५५ टक्क्यांच्या आसपास.

या गणितात न्यूक्लिऑनच्या लूपला दोन तुकडे पडतात. एक फर्मी समुद्राचा: द्रव्यात खरोखर असलेले न्यूक्लिऑन. त्यांचा संवेग फर्मी संवेगापाशी, म्हणजे सुमारे १.३ प्रतिफर्मीला, आपोआप थांबतो. निसर्गानंच बांध घातलेला असतो, तिथे रेग्युलरायझेशनची गरजच नाही. दुसरा तुकडा डिरॅकच्या समुद्राचा: ऋण ऊर्जेच्या, काठोकाठ भरलेल्या अवस्थांचा. त्याला तळ नाही. तापीला पूर आला की हतनूरचे दरवाजे उघडून पाणी सोडता तरी येतं, इथे धरणच नाही.

तुम्ही म्हणाल, निर्वातातली ऊर्जा द्रव्यातल्या ऊर्जेतून वजा करा की झालं. रिकामी गाडी, भरलेली गाडी. पण इथेच उपमा लंगडी पडते, आणि लंगडी पडते तिथेच मजा आहे. कापूस भरल्यावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन बदलत नाही. डिरॅकचा समुद्र मात्र द्रव्यातल्या बदललेल्या वस्तुमानानं भरलेला असतो. म्हणजे गाडी भरल्यावर रिकाम्या गाडीचंच वजन वेगळं होतं.

आकडे टाकून बघा. कटऑफ न्यूक्लिऑनच्या वस्तुमानाच्या दहापट धरा, आणि द्रव्यातलं वस्तुमान ५५ टक्के. डिरॅक समुद्राच्या ऊर्जेतला नुसता फरक दर न्यूक्लिऑनमागे सुमारे २२ लाख एमईव्ही येतो. कटऑफ दुप्पट करा, तोच आकडा ८९ लाखांवर जातो. शोधायची आहे १६ एमईव्हीची गोष्ट, आणि काटा लाखांत बोलतोय! शिरपूरच्या मुलीचं गणित इथेच थांबलं होतं. रेग्युलरायझेशन बरोबर झालं होतं, आकडा अनंत नव्हता, आणि तरीही त्या आकड्याचा उपयोग शून्य.

पुढची पंधरा पानं ती ही. समजा, द्रव्यात न्यूक्लिऑननं गमावलेला वस्तुमानाचा भाग क्ष आहे. इथे क्ष म्हणजे ०.४५. डिरॅक समुद्राच्या ऊर्जेतले क्षच्या पहिल्या चार घातांचे तुकडे हे सिग्मा क्षेत्राच्याच पहिल्या चार घातांसारखे असतात, आणि सिद्धांतात तशी चार पदं ठेवायला जागा असते. अनंताकडे धावणारा सगळा माल या चार खणांत मावतो. मग अट घालायची: निर्वातात सिग्माचं वस्तुमान इतकं, आणि पहिल्या, घन व चतुर्थ घाताची पदं तिथे शून्य. चारही खण या अटींनी बंद होतात आणि उरतं ते क्षच्या पाचव्या घातापासून सुरू होणारं. ते असं: वस्तुमानाचा चौथा घात भागिले चार पायवर्ग (4π²), गुणिले कंसात क्षचा पाचवा घात भागिले पाच, अधिक सहावा घात भागिले तीस, आणि पुढे बारीकसारीक.

पहिल्या भागाची किंमत दर घन फर्मीला सुमारे २५६० एमईव्ही. ०.४५ चा पाचवा घात ०.०१८, त्याला पाचानं भागून पुढची पदं मिळवली की ०.००४०. गुणाकार दहाच्या थोडा वर. त्याला ०.१६ नं भागा: दर न्यूक्लिऑनमागे चौसष्टेक एमईव्ही. लॅम्डाचा मागमूस नाही. मिती कमी करून हेच केलंत तर मध्ये लाखांचे आकडे दिसतच नाहीत, फक्त चारातून उणे केलेल्या त्या किंचित मितीच्या व्यस्ताचं एक पद येतं आणि जातं. शेवटी चौसष्टच.

पण चौसष्ट म्हणजे १६ च्या चौपट. ही नुसती साफसफाई नव्हे, उरलेला माल खरा आहे आणि तो सगळा तोल बदलतो. चिन यांनी १९७७ मध्ये हा निर्वाताचा भाग धरून गणित केलं. बंधनऊर्जा आणि घनता पुन्हा जुळवून घेतली तेव्हा द्रव्यातलं वस्तुमान ५५ वरून सुमारे ७२-७३ टक्क्यांवर आलं. तिथे क्ष ०.२७ उरतो, आणि पाचव्या घाताची किमया बघा, हाच निर्वाताचा भाग पाचेक एमईव्हीवर येतो. द्रव्य दाबायला किती कठीण आहे ते सांगणारा आकडा आधी ५५० एमईव्हीच्या घरात होता, तो साडेचारशे-पावणेपाचशेपर्यंत उतरला. प्रयोगांतून निघणारी किंमत २०० ते ३०० मध्ये असते. म्हणजे सुधारणा झाली, पण काम भागलं नाही.

आता अट बदला. घन आणि चतुर्थ घाताची पदं शून्य धरण्याऐवजी केंद्रकांच्या मापनाला जुळतील अशी ठेवा. उत्तर बदलतं, आणि बदलायलाच हवं. बोगुटा आणि बोडमर यांनी १९७७ मध्येच ही पदं मॉडेलमध्ये आणली होती, आणि दाबाचा तो आकडा ताळ्यावर आणायला ती फार उपयोगी पडली. फरक नेमका इथे कळतो. काटा बदलला आणि निव्वळ वजन बदललं, तर कुठेतरी हिशेब चुकलाय. अट बदलली आणि वजन बदललं, तर तुम्ही वेगळी माहिती आत घातली आहे. विद्यार्थी पहिल्याला "स्कीम" म्हणतात, दुसऱ्यालाही "स्कीम" म्हणतात, आणि तोंडी परीक्षेत अडकतात.

अनंत नसतं तर रिनॉर्मलायझेशन लागलं असतं का? लागलंच असतं. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट वस्तुमानानं वागतो. तिथे कुठलंही अनंत इंटिग्रल नाही, तरी हिशेब स्फटिकातल्या मोजलेल्या वस्तुमानानंच करावा लागतो. उलट काही लूपला काटा लागतच नाही. श्विंगरनं १९४८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाची पहिली दुरुस्ती काढली, सूक्ष्मरचना स्थिरांक भागिले दोन पाय, म्हणजे सुमारे ०.००११६. ते पद मुळातच सांत आहे.

इतिहासात या दोन गोष्टी उलट्या क्रमानंही आल्या आहेत. जून १९४७ मध्ये शेल्टर आयलंडची परिषद झाली. हायड्रोजनच्या दोन पातळ्यांत लॅम्ब आणि रेदरफर्ड (अणुकेंद्रकवाले नव्हेत, हे दुसरे) यांनी सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक मोजला होता, तो तिथे चर्चेला आला. परतीच्या वाटेवर बेथेंनी न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जाणाऱ्या गाडीत गणित मांडलं. बंदिस्त इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून मुक्त इलेक्ट्रॉनची तीच ऊर्जा त्यांनी आधी वजा केली, कारण ती मोजलेल्या वस्तुमानात आलेलीच असते. हे रिनॉर्मलायझेशन. तरी एक लॉगॅरिदम उरला. तो त्यांनी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेपाशी तोडला, पूर्ण सापेक्षतावादी गणितात तो तिथेच थांबेल असा अंदाज करून. हा कटऑफ. उत्तर आलं १०४० मेगाहर्ट्झ.

विद्यार्थिनीनं वही मिटता मिटता विचारलं, "मग वालेकांचं मॉडेल बरोबर ठरलं ना, सर? सगळे खण बंद होतात म्हणजे रिनॉर्मलायझेबल आहे." इथे आणखी एक गफलत असते. १९८९ मध्ये फर्नस्टाल, पेरी आणि सेरो यांनी त्याच मॉडेलमध्ये दोन लूपचं गणित केलं. अनंतं बिनबोभाट खणांत गेली. पण उरलेले सांत तुकडे इतके मोठे निघाले की लूपमागून लूप मोजत जाण्यात अर्थच राहिला नाही. त्यानंतर त्या वर्तुळातल्या लोकांनी वाट बदलली. न्यूक्लिऑन म्हणजे आत काही रचना नसलेला बिंदू नव्हे, डिरॅक समुद्राचं फार खोलचं वर्णन या मॉडेलकडून मागूच नये, त्याचा परिणाम मापनाला जुळवलेल्या गुणकांत मुरलेला असतो, असं धरून चालायचं. वाइनबर्ग यांनी १९९० पासून मांडलेल्या, केंद्रकीय बल कमी ऊर्जेपुरतं पदापदानं लिहिणाऱ्या कायरल पद्धतीत तर कटऑफ अनंताला नेतच नाहीत. तो ५०० एमईव्हीच्या आसपास ठेवतात आणि थोडा हलवून बघतात. उत्तर किती हललं, यावरून किती पदं अजून मोजायची राहिली त्याचा अदमास घेतात.

"म्हणजे काटा मुद्दाम हलवून बघायचा?" ती म्हणाली. मी म्हटलं, जिनिंगवर शेतकरी काय करतो? पहिली गाडी दोन काट्यांवर घालून बघतोच की.