समतोल म्हणजे 'दोन्हीकडे सारखं' नव्हे

लातूरच्या बारावीच्या पोरांत रासायनिक समतोलाबद्दल वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य: 'समतोलाला दोन्ही बाजूंची संहती सारखी होते.' संहती म्हणजे एका लिटरमध्ये पदार्थ किती ते. ती नव्हे, सारखे होतात ते पुढच्या आणि उलट अभिक्रियेचे वेग. लातूरच्या गंजगोलाई बाजारात मिनिटाला जितके आत येतात तितकेच बाहेर पडले, तर आतली गर्दी कायम राहते. ती बाहेरच्या गर्दीइतकी असेलच असं नाही.

ताळा करून बघा. एक लिटरच्या बंद भांड्यात १ मोल हायड्रोजन, १ मोल आयोडीन, सुमारे ४५० अंश सेल्सियस. दोघांच्या एकेका रेणूपासून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू होतात, आणि ते उलटे फुटतातही. समतोलाला दोघं उरतात प्रत्येकी अंदाजे ०.२२ मोल, हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल. समतोल स्थिरांक (वर तयार झालेल्याची संहती, रेणू दोन म्हणून तिचा वर्ग; खाली उरलेल्या दोघांच्या संहतींचा गुणाकार): १.५६ चा वर्ग भागिले (०.२२ × ०.२२), म्हणजे सुमारे ५०. वर्ग विसरलात तर ३२ येतं, तिथंच हातचे मार्क जातात. नुसतं २ मोल हायड्रोजन आयोडाइड घेऊन सुरुवात केली तरी आकडे हेच.