सोलापूरच्या आठ मार्चमागचा इतिहास: सूत, विडी आणि घराचा उतारा

मार्च उजाडला की सोलापुरातल्या बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत महिला दिनाची लगबग सुरू होते. गुलाबाचं फूल, सत्कार, पाककृती स्पर्धा, साड्यांवर सूट. यात वाईट काही नाही. वर्षभर राबणाऱ्या बाईला एक दिवस कुणी मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं, तर तिला ते हवंच असतं. पण या दिवसाच्या मुळाशी कापड आणि सूत यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायका आहेत, आणि गिरण्यांवर वाढलेल्या आपल्या शहराला ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

१९१० साली कोपनहेगनमध्ये समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दरवर्षी स्त्रियांचा एक दिवस पाळावा, असा प्रस्ताव तिथे क्लारा झेटकिन यांनी मांडला. पुढच्याच वर्षी जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये तो पाळला गेला. मागण्या सरळ होत्या: मताचा हक्क, कामाचा हक्क. आठ मार्च ही तारीख पक्की होण्यामागे १९१७ चं रशियातलं पेट्रोग्राड आहे. तिथल्या कापड गिरण्यांतल्या कामगार बायका त्या दिवशी भाकरीसाठी संपावर गेल्या आणि आठवडाभरात झारला सिंहासन सोडावं लागलं. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद झाली आणि महाराष्ट्रात या चळवळीने जोर धरला.

सोलापूर जिल्ह्यातली पाळंमुळं मात्र याहून जुनी आहेत. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी असं गृह आधीच उघडलं होतं. केशवपन झालेली, घरच्यांनी टाकलेली गरोदर विधवा तीर्थक्षेत्री येऊन पोहोचायची आणि पुढे तिच्यासमोर चंद्रभागेशिवाय काही उरायचं नाही. तिला बाळंत होण्यापुरती जागा आणि बाळाला जगण्याची हमी या गृहाने दिली. आषाढीची गर्दी पाहणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? माझ्या मते या जिल्ह्यात बाईचा खरा सन्मान पहिल्यांदा झाला तो तिथे.

शहराची गोष्ट वेगळी. १८७७ च्या सुमाराला पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येऊन पूर्व भागात वसली. पुरुष मागावर बसायचा, बाई सुताच्या कांड्या भरायची. त्या कांड्यांची वेगळी मजुरी कुणी मोजली नाही. विसावं शतक सरता सरता मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि हजारो घरांची चूल विडीवर आली.

विडीचं काम जवळून पाहिल्याशिवाय त्यातला पीळ कळत नाही. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन एकेक पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांवर. माल द्यायला गेलं की तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो आणि त्या मजुरीत धरल्या जात नाहीत. मिळालेली पानं फाटकी निघाली, तर वरची पानं पदरचे पैसे घालून आणायची. तंबाखूची धूळ घरभर, पाळण्यातल्या पोरापर्यंत. आणि काम घरात होतं म्हणून कितीतरी काळ या बाईला कुणी कामगार मानलंच नाही.

ते मानायला लावलं १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने. घरी बसून विड्या वळणारीसुद्धा कामगार आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मालकमंडळी न्यायालयात गेली, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विड्यांवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला: मुलांना शिष्यवृत्ती, दवाखाने, घरासाठी अनुदान. भविष्य निर्वाह निधीही आला. हे कुणी आपणहून दिलेलं नाही, त्यामागे लाल बावट्याखालचे असंख्य मोर्चे आहेत. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर रद्द झाला. त्याची चर्चा महिला दिनाच्या व्यासपीठांवर व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

घरांची लढाई त्यातूनच उभी राहिली. २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. वारली आदिवासींना वेठबिगारीतून सोडवणाऱ्या, पुढे किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या या बाईचं नाव त्या वसाहतीला शोभतं. कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या रे नगर वसाहतीच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. घराचा कागद नावावर असलेल्या बाईला ‘चालती हो’ म्हणणं तितकं सोपं राहत नाही.

ग्रामीण भागात बाईला कामगार म्हणून पुढे आणलं ते दुष्काळाने. १९७२ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढ्याकडच्या बायका खडी फोडायला रस्त्यावर आल्या. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि कामाच्या मापावर बाई-पुरुषाला सारखाच दाम ठरला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, देशाच्या कायद्याआधी अकरा वर्षं. २०२४ च्या निर्णयाने, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. तरीही बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत गावोगाव चालूच आहे. भाऊबीजेची ओवाळणी घालणाऱ्या भावाला त्यात काही खटकत नाही, याचं मला दुःख होतं.

आणि हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरात वाण लुटलं जातं, पण त्याच घरातली विधवा आत्या किंवा काकू स्वयंपाकघरात थांबते. ही प्रथा मोडायची मोहीम आपल्याच जिल्ह्यातून, करमाळ्यातून निघाली. महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्यामागे पत्नीचं कुंकू, मंगळसूत्र काढू नये, असं प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रथाबंदीचा ठराव, घरपट्टीच्या नोंदीवर पती-पत्नी दोघांची नावं, हक्कसोडपत्राआधी बहिणीला तिचा वाटा समजावून सांगणं, हे तीनही विषय तिथे मांडता येतात. शहरातल्या महिला मंडळांना विडी घरकुलात एखाद्या दुपारी जाऊन भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरून देता येतील. कितीतरी बायकांच्या आधार कार्डावरचं आणि कारखान्यातल्या वहीतलं नाव जुळत नाही, आणि तेवढ्यासाठी त्यांचे पैसे अडतात.