केसांची गोळी सांगायला विसरू नका

“काही गोळ्या सुरू आहेत का?” असं आम्ही आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारतो. बहुतेक जणी “नाही” म्हणतात. मग थायरॉईडचा रिपोर्ट विचित्र येतो, आम्ही फोन करून पुन्हा विचारतो, तेव्हा कळतं: “औषध नाही हो, केसांची गोळी घेते फक्त.” हे पत्रक त्या एका गोळीसाठी काढलं आहे.

केस, नखं, त्वचा यांसाठीच्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन असतं. ते ब गटातलं जीवनसत्त्व आहे. प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, पण या गोळ्यांत अनेकदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. शरीराला त्याचा सहसा अपाय होत नाही, गोंधळ होतो तो तपासणीत. हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची पकड वापरलेली असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की ते ही पकड आधीच अडवून बसतं. मग थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन टी३, टी४ खोटेच वाढलेले दिसतात. थायरॉईड जास्त काम करत असल्याचं चित्र कागदावर उभं राहतं आणि धडधाकट बाई घाबरून जाते. मला जास्त काळजी वाटते ती उलट्या प्रकाराची. थायरॉईड खरंच मंदावलेलं असतं आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो.

हा आमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिनची तपासणीही त्याने खोटी कमी येऊ शकते, आणि अशा चुकीच्या रिपोर्टनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे.

म्हणून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी अशी गोळी बंद ठेवा. डॉक्टरांनीच मोठ्या मात्रेत बायोटिन दिलं असेल तर आधी त्यांना विचारा. बीपीची, साखरेची किंवा दुसरी कुठलीही चालू गोळी मात्र आमच्या या पत्रकावरून थांबवू नका. थायरॉईडची सकाळची गोळी सोबत घेऊन या, रक्त दिल्यावर लगेच घ्या. लोहाची गोळी घेतल्यावर काही तास रक्तातलं लोह वाढलेलं दिसतं. ती तपासणी असेल तर आदल्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तर साधं पाणी चालतं, बाकी काही नको.

लोहाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून “रक्त चांगलं आहे” असं समजून अनेक जणी निघून जातात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचा लोहाचा साठा त्याआधीच आटलेला असू शकतो, आणि ते फेरिटिन या रक्ततपासणीत दिसतं. वर्षानुवर्षं थकवा अंगावर काढत असाल तर फेरिटिन करावं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आमच्याकडे ते थायरॉईडसोबत एकाच वेळच्या रक्तात होतं, पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही.

आम्ही कधी रिपोर्ट अडवून धरतो, त्याचा तुम्हाला राग येतो. घाईत असताना तो येणारच. पण शंका असलेला आकडा तुमच्या हातात देणं मला पटत नाही. बायोटिनमुळे तपासणी पुन्हा करावी लागली तर तिचे पैसे आम्ही घेत नाही. वेळ मात्र तुमचा जातो, एक फेरी वाढते.

नावं लक्षात राहत नसतील तर घेत असलेल्या प्रत्येक गोळीच्या, पावडरच्या आणि टॉनिकच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून आणा. घटकांची यादी तिथेच छापलेली असते, ती काउंटरवर आम्ही वाचून घेऊ.