सिमलिंक (नेटवर्क शेअरवरील)

सिमलिंक, म्हणजेच सिम्बॉलिक लिंक, ही दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता नुसत्या मजकुराच्या रूपात बाळगणारी नोंद. एकाच संगणकावर हा पत्ता कोणी उलगडायचा हा प्रश्न येत नाही. नेटवर्क शेअरवर (नेटवर्कवरून इतरांना खुल्या केलेल्या फोल्डरवर) मात्र ते पुरवणारा सर्व्हर आणि वापरणारा क्लायंट असे दोन दावेदार उभे राहतात.

सिमलिंकचे जनकत्व सहसा १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीला दिले जाते. युनिक्सपुरते ते ग्राह्य आहे. तथापि मल्टिक्स या त्याआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-व्यवस्थेवरील डेली व न्यूमन यांच्या १९६५ च्या निबंधात एका डिरेक्टरीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या ‘लिंक’चे वर्णन आहे. डेटा जनरल कंपनीच्या आरडीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही अशा लिंक होत्या. कल्पना मल्टिक्सची आणि आजचा प्रचलित अवतार बीएसडीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सन कंपनीच्या एनएफएस या फाइल-शेअरिंग पद्धतीत (तिचे वर्णन करणारा दस्तऐवज: आरएफसी १०९४, १९८९) सर्व्हर ‘रीडलिंक’ या क्रियेद्वारे लिंकमधला मजकूर जसाच्या तसा देतो, अर्थ क्लायंट लावतो. सर्व्हरवरील ‘जुने’ ही लिंक ‘/डिस्क२/जुने’कडे जात असेल, तर क्लायंट स्वतःच्याच डिस्कवर ‘/डिस्क२’ शोधतो. ती नसली तर त्रुटी येते. असली तर भलतेच फोल्डर उघडते, आणि हे जास्त घातक. सापेक्ष (लिंकच्या जागेपासून मोजलेल्या) पत्त्याची लिंक बहुधा तगते, पण शेअरच्या हद्दीबाहेर चढणारी नाही.

एसएमबी या विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीवर चित्र उलटे. युनिक्स-लिनक्सवर ती पद्धत चालवणारा साम्बा सर्व्हर लिंक स्वतःच उलगडतो, त्यामुळे विंडोजवाल्याला ते साधे फोल्डर वाटते. यातूनच सुरक्षेचा प्रश्न उद्भवला. लिहिण्याची मुभा असलेला वापरकर्ता युनिक्स एक्स्टेन्शन्स (एसएमबीला दिलेली युनिक्ससाठीची जोड) वापरून शेअरबाहेर नेणारी लिंक तयार करी आणि सर्व्हर निमूटपणे तिच्यामागे जाई. हे २०१० मध्ये उघड झाल्यावर शेअरबाहेरच्या लिंकमागे जाऊ देणारा ‘वाइड लिंक्स’ हा पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद करण्यात आला. पत्ता तपासणे आणि फाइल उघडणे यांमधल्या क्षणात लिंक बदलण्याची पळवाट २०१७ मध्ये दुरुस्त झाली.

विंडोज २००० मधील जंक्शन (फोल्डरकडे नेणारी सिमलिंकसारखी नोंद) सर्व्हरच उलगडतो. व्हिस्टापासूनच्या सिमलिंकबाबत मात्र सर्व्हर ‘वाटेत सिमलिंक लागली’ असे कळवून थांबतो. पुढचे क्लायंटने पाहायचे. शेअरवरून स्थानिक डिस्ककडे किंवा दुसऱ्या शेअरकडे नेणाऱ्या लिंक विंडोज मूळ सेटिंगमध्ये नाकारते. लिंकमधला ‘सी’ ड्राइव्ह सर्व्हरचा, पण उघडला जायचा क्लायंटचा, हे पाहता ती खबरदारी वाजवीच म्हणायची.

ज्या सर्व्हरवर सिमलिंक ठेवताच येत नाही, तिथे मॅक व लिनक्सकरिता मिन्शॉल-फ्रेंच पद्धत आहे. ती वापरल्यास लिंकऐवजी नेमकी १,०६७ बाइटची साधी फाइल बनते: आरंभी ‘एक्ससिम’ ही खूण, मग पत्त्याची लांबी, त्याचा एमडी५ ठसा (पडताळणीसाठी काढलेला सांकेतिक आकडा) आणि शेवटी पत्ता; उरलेली जागा भरून काढलेली. विंडोजवर ती निरुपयोगी मजकूर-फाइल म्हणून दिसते आणि कचरा समजून सहज पुसली जाऊ शकते.