शिजलेले हाड ही कुत्र्यासाठी सणाची भेट नव्हे

‘सणासुदीला घरच्या कुत्र्याला मटणातले हाड द्यावे, त्याहून चांगली भेट नाही, शिवाय दातही साफ होतात,’ असा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. समज मायेपोटीच रुजला आहे. परंतु हाड शिजल्यावर ठिसूळ होते, चावताना त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. नागपुरात धुळवडीच्या सावजी रश्श्यातल्या हाडात तर कांदा-लसूणही मुरलेला असतो, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहेत. हाड धुऊन दिल्याने तो धोका टळत नाही. चघळण्याची वस्तू घेताना तिच्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. खूण उमटलीच नाही, तर तिच्यावर दात तुटू शकतो. सीताबर्डीच्या बाजारातून रबरी चेंडू घेतलात, तर तो कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढा मोठा असावा.