बदकाच्या आवाजाला प्रतिध्वनी नसतो?

‘बदकाच्या क्वॅक-क्वॅकचा प्रतिध्वनी येत नाही, का ते शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो खरा वाटतो, कारण तळ्याकाठी प्रतिध्वनी खरंच ऐकू येत नाही.

पण प्रतिध्वनी येतोच. कठीण भिंतीवरून ध्वनी कसा परततो, याचं गणित संगणकावर मांडताना भिंतीचे बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यावर अट एकच: हवा भिंतीत शिरू शकत नाही. ओरडलं कोण, बदक की बायको, हे त्या अटीत कुठेच येत नाही!

मग ऐकू का येत नाही? प्रतिध्वनी वेगळा कळायला साधारण ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणजे भिंत निदान १७ मीटर दूर हवी. तळ्याभोवती बहुधा अशी भिंतच नसते. शिवाय क्वॅक हळूहळू विरतो. क्षीण प्रतिध्वनी त्या शेपटातच मिसळतो.

मोकळ्या मैदानात उंच भिंतीपासून ३० मीटरवर उभे राहा. आधी टाळी वाजवा, मग स्पीकरवर क्वॅकचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावा आणि फोनवर टिपून घ्या. त्या रेकॉर्डिंगच्या ध्वनी-आलेखात मूळ आवाजानंतर सुमारे ०.१७५ सेकंदांनी दुसरा, छोटा उंचवटा दिसेल. टाळीचा ठळक, बदकाचा जरा पुसट.